वकील कुणाचा?

मंडळी, वकील म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर काळा कोट येतो. कोर्टाचं आवार, झाडाखालची टेबलं, स्टॅम्पपेपर आणि पुढची तारीख. पण हा अर्थ नंतर, इंग्रजी कोर्टकचेऱ्यांबरोबर पक्का झाला. त्याआधी आपल्याकडे वकील म्हणजे राजदूत. एका दरबाराचा माणूस, दुसऱ्या दरबारात बसलेला.

शब्द मूळ अरबी. ज्याच्यावर काम सोपवलं, ज्याच्यावर भरवसा टाकला, तो वकील. 'वकालतनामा' त्यातलाच. आणि घरात आपण अजूनही म्हणतोच की, 'तू कशाला त्याची वकिली करतोस?' तिथे कोर्टाचा काही संबंध नसतो. दुसऱ्याच्या वतीने बोलणं, एवढाच अर्थ.

शिवाजी महाराजांच्या काळात हे काम जिवावरचं होतं. १६५९ मध्ये अफझलखानाकडे महाराजांचे वकील म्हणून पंताजी गोपीनाथ गेले, खानाकडून कृष्णाजी भास्कर आले. भेट कुठे, कशी, सोबत माणसं किती, हे सगळं आधी वकिलांच्या बोलण्यात ठरलं. १६६६ मध्ये महाराज आग्र्याहून निसटले. पण रघुनाथपंत कोरडे आणि त्र्यंबकपंत डबीर हे त्यांचे वकील मोगलांच्या हाती सापडले, त्यांचे हाल झाले. धनी सुटला तरी वकील सुटतोच असं नाही.

पुढे पेशवाईत दिल्लीला हिंगणे, हैदराबादला गोविंदराव काळे असे वकील वर्षानुवर्षं राहिले. तिथलं धान्य महागलं का, फौज हलली का, कोण कोणावर रुसलं, सगळं पुण्याला लिहून पाठवायचे. आज इतिहासाच्या अभ्यासकांना ती पत्रं म्हणजे खजिना वाटतो. आम्हा बातमीदारांचे पूर्वज शोधायचे तर या लोकांत सापडतील.

याच शब्दाची सर्वांत मोठी पदवी म्हणजे 'वकील-इ-मुतलक'. बादशहाचा संपूर्ण अधिकाराचा प्रतिनिधी. १७८४ मध्ये महादजी शिंद्यांनी ती शाहआलम बादशहाकडून पेशव्यांच्या नावे मिळवली आणि स्वतः त्यांचे नायब झाले. म्हणजे बघा, दिल्लीत फौज महादजींची, कारभार महादजींचा, पण कागदावर ते वकिलाचे नायब! चार वर्षांनी गुलाम कादिरने त्याच बादशहाचे डोळे काढले. तरी त्याच्या शिक्क्याला किंमत होती, कारण लोक तो शिक्का मानत होते. १७९२ मध्ये महादजी पुण्याला आले आणि सवाई माधवरावांना समारंभपूर्वक ही पदवी दिली. नाना फडणविसांना ते रुचलं नव्हतं. साताऱ्याला छत्रपती असताना पेशव्याने मोगल बादशहाचा वकील का म्हणवून घ्यायचं, हा प्रश्न होताच. शेवटी साताऱ्याची परवानगी घ्यावी लागली.

म्हणजे सव्वादोनशेहून जास्त वर्षांपूर्वीही वाद हाच होता, वकील कुणाचा?

त्याच्या थोडं आधी इराणमध्ये करीमखान झंद राज्य करत होता. त्याने शहा ही पदवी घेतली नाही, स्वतःला 'वकील' म्हणवलं. आधी सत्तेचा, मग रयतेचा वकील. शिराझ शहरात आजही वकील बाजार आहे, वकील मशीद आहे. राज्यकर्त्याने स्वतःला लोकांचा वकील म्हणवणं ही कल्पना युरोपातून आलेल्या लोकशाहीचीच देणगी आहे, असं समजायचं कारण नाही.

आता याच्या उलटं उदाहरण. इंग्रजांचाही वकील पुण्यात असायचा, त्याला रेसिडेंट म्हणायचे. १७८६ मध्ये चार्ल्स मॅलेट आला. नाव साधं, 'राहणारा'. पण १८११ मध्ये एल्फिन्स्टन आला तोवर बाजीरावाच्या दरबारात काय व्हावं आणि काय होऊ नये, हे रेसिडेंट सांगू लागला होता. १८१८ मध्ये पेशवाईच गेली. निरोप पोचवायला आलेला माणूस हुकूम सोडायला लागला की दरबार संपला म्हणून समजा.

आणि शेवटी रंगो बापूजी गुप्ते. यांचं नाव साताऱ्याबाहेर फारसं घेतलं जात नाही, याचं मला वाईट वाटतं. १८३९ मध्ये कंपनीने प्रतापसिंह छत्रपतींना गादीवरून काढून काशीला पाठवलं. त्यांची बाजू मांडायला रंगो बापूजी लंडनला गेले आणि जवळजवळ १४ वर्षं तिथे राहिले. कंपनीच्या दारात अर्ज, निवेदनं, सभा, छापील पत्रकं. १८४७ मध्ये प्रतापसिंह काशीत वारले. १८४८ मध्ये सातारचं राज्यच खालसा झालं. ज्याचा वकील तो राजा नाही, ज्या गादीसाठी भांडायचं ती गादी नाही. तरी हा माणूस १८५३ पर्यंत तिथेच भांडत राहिला. परत आल्यावर १८५७ च्या उठावात त्यांचा हात होता. इंग्रजांनी त्यांच्या मुलाला देहान्त शिक्षा दिली. रंगो बापूजी मात्र कधीच सापडले नाहीत. प्रबोधनकार ठाकऱ्यांनी त्यांच्यावर पुस्तक लिहिलंय, मिळालं तर वाचा.

हे सगळं आज का सांगतोय?

मधली काही वर्षं राज्यातल्या बहुतेक नगरपालिकांमध्ये निवडून आलेलं कुणी नव्हतं. प्रशासक होते. प्रशासक चांगला असू शकतो, काही होतेही. पण तो सरकारने आपल्याकडे पाठवलेला माणूस. आपण सरकारकडे पाठवलेला नव्हे. त्या काळात लोक माझ्याकडे अर्ज घेऊन यायचे, गटाराचे, घरपट्टीचे, दाखल्याचे. 'पत्रकार, तुम्हीच आमचे वकील.' मी म्हणायचो, काका, मी बातमी देईन, पण मी वकील नाही. मला तुम्ही निवडलेलं नाही, आणि मी चुकलो तर मला काढताही येणार नाही. वकालतनामा नसलेल्या माणसाच्या भरवशावर गाव चालत नाही.

आता निवडून आलेली माणसं असतील, तिथेही काम संपत नाही. आपला माणूस मुंबईला जातो तेव्हा गावाचं गाऱ्हाणं घेऊन जातो. परत येताना काय घेऊन येतो ते बघा. 'वरून असं ठरलंय, आता समजून घ्या' एवढंच घेऊन येत असेल, तर तो आपला वकील राहिला नाही, वरच्यांचा आपल्याकडचा रेसिडेंट झालाय. मग तो कुठल्याही पक्षाचा असो.

सगळ्यांनी रंगो बापूजी व्हावं अशी अपेक्षा नाही. पाच वर्षं आपली बाजू धरून ठेवली तरी पुष्कळ. पण विचारायचं कुणी? वकालतनाम्यावर सही आपली आहे, तर हिशेबही आपणच मागायचा. पुढच्या वेळी नगरसेवक, आमदार कुणीही चौकात भेटले तर भांडू नका, फक्त विचारा, 'साहेब, आमचं म्हणणं तिथे मांडलंत का? काय उत्तर मिळालं?'

उत्तर काय मिळतंय ते कमेंटमध्ये जरूर लिहा. नाव न घेता लिहिलंत तरी चालेल.