कुकरची रिंग आणि अण्णांची गाडी

अण्णांची गाडी विकायची, हे १९९३च्या उन्हाळ्यात आमच्या घरी जवळजवळ ठरलंच होतं. अण्णा म्हणजे माझे सासरे. भिलाईच्या पोलाद कारखान्यात टाइम ऑफिसात नोकरी करून ते निवृत्त झाले आणि फंडाच्या पैशांतून त्यांनी एक जुनी अ‍ॅम्बेसेडर घेतली. जन्मभर सायकलवर ड्यूटी केलेल्या माणसाची ही एवढीच चैन.

त्या गाडीला जळक्या तेलाचा वास येऊ लागला. चौकात थांबलं की बॉनेटमधून निळसर धूर निघे. अंगणात काळे डाग पडत, म्हणून रात्री मी खाली पुठ्ठा सरकवून ठेवी. एका गॅरेजवाल्याने नीट न पाहताच सांगून टाकलं, "इंजिन उतरवावं लागेल." खर्चाचा आकडा ऐकून हे म्हणाले, "अण्णा, आता विकून टाका." अण्णा काही बोलले नाहीत. दोन दिवस त्यांनी गाडी पुसली नाही, इतकंच.

मला त्यातलं काय कळणार? पण बॉनेट उघडलं तर तेल अगदी वरून, इंजिनाच्या डोक्यावरच्या पत्र्याच्या टोपीखालून ओघळताना दिसलं. तिला टॅपेट कव्हर म्हणतात. तिच्याखाली व्हॉल्व्ह उघडणारे रॉकर असतात आणि त्यांना सतत तेल मिळत असतं. टोपी आणि इंजिन यांच्यामध्ये बुचाचं पॅकिंग. मी म्हटलं, "अण्णा, ही तर कुकरची रिंग गेली!"

अण्णांचा चेहरा उजळला. लगेच पॅकिंग आणलं. ते कुठल्या तरी दुकानात वर्षानुवर्षं खिळ्याला टांगलेलं असावं. टोपीपेक्षा थोडं तोकडं होतं, ते आम्ही ताणून बसवलं. टोपीवर दोनच नट असतात. अण्णांनी ते अंगातला सगळा जोर लावून आवळले. दुसऱ्या दिवशी पुठ्ठा दुप्पट काळा!

मग मीच त्यांना पावर हाउसच्या बाजारात एका म्हाताऱ्या मिस्त्रींकडे घेऊन गेले. (सुनेने सासऱ्यांना गॅरेजात न्यावं, याची शेजारी बरीच चर्चा झाली.) मिस्त्रींनी आधी इंजिन रॉकेलने स्वच्छ धुतलं, पुसलं आणि चालू करून थोडा वेळ नुसतं बघत उभे राहिले. तेल खाली ओघळतं, म्हणून खालचा डाग फसवतो. सगळ्यात वर जिथे ओल दिसेल तिथे गळती, असं त्यांचं म्हणणं. ते तेल बाजूच्या तापलेल्या मॅनिफोल्डवर पडून जळत होतं. धूर तिथला होता. इंजिनाला काही झालं नव्हतं.

इंजिन गार होईपर्यंत त्यांनी चहा पाजला. नट काढल्यावर टोपी हलेना, तेव्हा अण्णा स्क्रू-ड्रायव्हर खुपसायला पुढे सरसावले. "नहीं बाबूजी, किनार मुडेल!" लाकडी ठोकळ्याने हलकेच ठोकल्यावर ती सुटली. आत चिंध्या ठेवल्या, म्हणजे जुन्या बुचाचे कण इंजिनात पडू नयेत. मग टोपी काचेवर पालथी घातली, तर ती डुगडुगली. आमच्या आवळण्याने नटांजवळचा पत्रा दबला होता आणि किनार वाकली होती. मी मान खाली घातली. त्यांनी मात्र न बोलता किनार ठोकून सरळ केली.

नवं पॅकिंग त्यांनी हातात वाकवून पाहिलं. चिरा पडल्या तर बूच वाळलेलं. नुसतं आखडलेलं असेल तर थोडा वेळ कोमट पाण्यात ठेवलं की फुलतं, हेही सांगितलं. चिकट फक्त टोपीच्या बाजूला लावलं, तेही पातळ. जास्तीचं पिळून आत गळतं आणि तेलाची जाळी तुंबवतं. नटांखालचे रबरी वॉशरही बदलले. बहुतेक जण हे वॉशर विसरतात आणि मग पॅकिंगला शिव्या देतात. शेवटी ब्रीदरची नळी साफ केली. ती तुंबली की आतला दाब तेल बाहेर ढकलतो, मग पॅकिंग कितीही चांगलं असो. म्हणजे कुकरच्या शिट्टीचंही तेच! हे मी बोलून दाखवलं तेव्हा मिस्त्री पहिल्यांदा हसले.

नट आलटून पालटून, थोडे थोडे. अण्णा म्हणाले, "अजून अर्धा आटा?" मिस्त्रींनी पाना त्यांच्याच हातात दिला आणि त्यांच्या मनगटावर आपला हात ठेवला. बूच नुसतं दबलं पाहिजे, बाहेर फुगायला नको. तिथे हात थांबला.

अ‍ॅम्बेसेडर तयार होणं २०१४ साली बंद झालं. माझ्या मुलाच्या गाडीत आता टोपीच्या कडेने ओळीने बोल्ट आहेत आणि साच्यातलं रबरी पॅकिंग खाचेत बसतं. तेही तो कंपनीच्या मापाचंच घेतो.

त्या रात्री पुठ्ठा मी नाही, अण्णांनी ठेवला. सकाळी साडेपाचला दार वाजलं. हे नाइट शिफ्टहून आले असतील म्हणून उघडलं, तर समोर अण्णा, दोन्ही हातांत कोरडा पुठ्ठा धरून.