शाईतलं गाढव

गाढव काढणं सोपं नाही. घोडा कागदावर उतरला की आपसूक देखणा होतो. मान, आयाळ, उधळलेले पाय... निम्मं काम घोडाच करून टाकतो. गाढव कसलीच मदत करत नाही. दोन कान, खाली घातलेली मान आणि चारही पायांत भरलेला हट्ट, एवढंच त्याचं भांडवल. तेवढ्यावर ते काळ्या शाईच्या चार फटकाऱ्यांत उभं करायचं, तर आधी जन्मभर गाढवं पाहिलेली असावी लागतात. जॅक बटलर येट्सने ती पाहिली होती.

१९३४ साली लंडनच्या डेंट प्रकाशनाने पॅट्रिशिया लिंच यांची 'द टर्फ-कटर्स डाँकी' ही मुलांची कादंबरी छापली आणि तिची चित्रं जॅकने काढली. 'गीतांजली'ला प्रस्तावना लिहिणाऱ्या विल्यम बटलर येट्सचा हा धाकटा भाऊ. त्या वेळी तो साठी ओलांडलेला, आयर्लंडभर नावाजलेला चित्रकार होता. रेषेचं काम बरंचसं मागे पडलं होतं. कॅनव्हासवर जाड रंगांची उधळण चालू होती. अशा माणसाने लहान मुलांच्या पुस्तकासाठी पुन्हा शाईची दौत उघडावी, याचं मला फार अप्रूप वाटतं.

गोष्ट आहे आयलीन आणि शेमस या भावंडांची. मोठ्या दलदलीच्या कडेला त्यांची झोपडी. बाप टर्फ कापून पोट भरणारा. आयर्लंडचा सुमारे सहावा हिस्सा असा दलदलीचा. टर्फ, म्हणजेच पीट, हा हजारो वर्षं कुजत, दबत गेलेल्या शेवाळाचा आणि गवताचा काळा, ओला थर. उन्हाळ्याच्या तोंडाशी 'स्लेन' नावाच्या लांब दांड्याच्या फावड्याने त्याच्या विटा कापायच्या, आपल्याकडे गोवऱ्या वाळत घालतात तशा वाऱ्यावर मांडायच्या, आणि वाळल्या की गाढवाच्या दोन्ही अंगांना टोपल्या लटकवून घरी आणायच्या. हिवाळाभर चूल त्यावरच. म्हणजे गाढव हा या घरातला शोभेचा प्राणी नाही, त्याच्याशिवाय घरात ऊब येत नाही. लिंचबाईंच्या गाढवाचं नाव 'लाँग इअर्स', आपला लंबकर्ण. आणि याच चिखलातून पुढे आयरिश लोककथांतला बुटका लेप्रकॉन येतो, चांदीची किटली येते, गावोगाव भटकणारे टिंकर येतात, फिन मॅककूल आणि त्याचे पुराणातले वीरही येतात. त्यांच्यासाठी वेगळं दार नाही. चूल तीच, वाटही तीच.

लिंचबाई कॉर्कच्या. घरात गोष्टी सांगायला येणाऱ्या एका म्हाताऱ्या कथेकरीण बाईचं ऋण त्यांनी आपल्या आठवणींत मानलं आहे. पण त्या नुसत्या परीकथांत रमलेल्या बाई नव्हत्या. ब्रिटिश राजवटीविरुद्धच्या १९१६च्या ईस्टर उठावानंतर, स्त्रियांच्या मताधिकारासाठी लढणाऱ्या सिल्व्हिया पँकहर्स्ट यांच्या वृत्तपत्रासाठी डब्लिनला जाऊन, जळालेले रस्ते पाहून त्यांनी वार्तांकन केलं होतं. त्यांच्या अद्भुतात गरिबी जशीच्या तशी राहते, ती बहुधा त्यामुळेच. मुलांच्या हाती चांदीची किटली लागते, पण बापाच्या हातातलं फावडं सुटत नाही.

जॅकही असाच. जन्म १८७१चा, लंडनमधला, पण बालपण आजोळी, स्लायगो बंदरात. तिथल्या जत्रा, घोड्यांच्या शर्यती, खलाशी, गाणी विकणारे भटके, सर्कशीचे विदूषक हेच त्याचं कलाविद्यालय, असं म्हणायला हरकत नाही. खिशात मावणाऱ्या वह्यांमध्ये तो रस्त्यावरच टिपणं करायचा. १९०५ साली नाटककार जॉन सिंग याच्याबरोबर तो पश्चिमेच्या दरिद्री भागातून हिंडला; 'मँचेस्टर गार्डियन'साठी एकाने लिहायचं, दुसऱ्याने काढायचं. पुढे बहिणींच्या कुआला छापखान्यातून 'अ ब्रॉडसाइड' नावाचं मासिकपत्र निघालं, १९०८ ते १९१५, एकूण ८४ अंक. त्यातली जॅकची चित्रं छापल्यावर हाताने रंगवली जात. १९२३ साली थोरल्या भावाला नोबेल मिळालं आणि पुढच्याच वर्षी पॅरिस ऑलिंपिकमध्ये, तेव्हा तिथे चित्रकलेचीही स्पर्धा असे, जॅकला रौप्यपदक. स्वतंत्र आयर्लंडचं ते पहिलं ऑलिंपिक पदक, आणि तेही पोहण्यासाठी नव्हे, लिफी नदीतल्या पोहण्याच्या शर्यतीच्या चित्रासाठी! त्या कुटुंबात जेवणाच्या टेबलावर काय बोलणी होत असतील कोण जाणे.

आता खुद्द चित्राकडे. त्या काळी अशा पुस्तकातलं रेखाचित्र जस्ताच्या ठशावरून छापत. मूळ चित्राचा फोटो काढून तो जस्ताच्या पत्र्यावर उतरवायचा आणि आम्लाने रेषेबाहेरचा भाग खाऊन टाकायचा. उरेल ते काळं, खाल्लं गेलं ते पांढरं. मधलं काही नाही. म्हणूनच अशी मूळ चित्रं हातात घेण्याजोगी असतात. ती बहुधा छापील आकाराहून मोठी असतात. चुकलेल्या जागी पांढरा रंग फासलेला असतो, आणि फिकट निळ्या पेन्सिलीच्या सूचना कॅमेऱ्याला दिसत नाहीत म्हणून खुशाल चित्रातच केलेल्या असतात. पुस्तकात हे काहीच येत नाही. तिथे येतो तो फक्त निकाल.

आणि हा निकाल मोठा रोखठोक असतो. जस्ताला धुकं कळत नाही. लेप्रकॉन 'दिसल्यासारखा' काढता येत नाही. तो आहे किंवा नाही. इंग्रज चित्रकार आर्थर रॅकहमशी तुलना केली की हे लख्ख कळतं. १९२० साली जेम्स स्टीफन्सच्या 'आयरिश फेअरी टेल्स'साठी रॅकहमने रंगीत चित्रं काढली. शाईच्या रेषेवर पातळ जलरंगाचे थरावर थर, पिळवटलेली मुळं, तपकिरी संधिप्रकाश. सुंदरच. पण रॅकहमच्या चित्रात शिरताना आपण पावलं हळू टाकतो, कारण इथून पुढे जादूचा मुलूख आहे हे रंगच बजावत असतात. जॅक असं काही बजावत नाही. ज्या टाकाने गाढवाचा कान, त्याच टाकाने लेप्रकॉनची टोपी. मुलाला ते पटतं, कारण गाढव खरं आहे. आणि ज्याचं गाढव इतकं खरं, तो लेप्रकॉनबद्दल कशाला खोटं बोलेल?

थोरल्या भावाचा मार्ग वेगळा. विल्यमने परीलोकासाठी गुप्त मंडळं, मंत्रतंत्र, सगळं करून पाहिलं. १८९२ साली त्याने आयरिश परीकथांचं एक पुस्तक संपादित केलं, त्याची चित्रंही विशीतल्या जॅकनेच काढली होती. बेचाळीस वर्षांनी लिंचबाईंच्या पुस्तकात तोच विषय पुन्हा त्याच्या हाती आला. विल्यम अद्भुताचा शोध घेत राहिला. जॅकला ते बाजाराच्या दिवशी, किमतीवरून घासाघीस करताना भेटत असावं. मला धाकट्याची पद्धत जास्त पटते. कवितेबद्दल मी बोलत नाही, चित्राबद्दल बोलतोय.

आता ती दलदलही बदलली. यंत्रांनी पीट काढणाऱ्या 'बोर्ड ना मोना' या सरकारी कंपनीने २०२१ साली ते काम कायमचं थांबवल्याचं जाहीर केलं आणि पुढच्या वर्षी टर्फच्या विक्रीवर निर्बंध आले. पर्यावरणाच्या दृष्टीने ते योग्यच झालं. ओली दलदल कार्बन धरून ठेवते. टोपल्या लादलेली गाढवं तर त्याच्या कितीतरी आधीच रस्त्यांवरून नाहीशी झाली.

जॅक येट्सच्या 'द वाइल्ड वन्स' या तैलचित्राला १९९९ साली लिलावात दहा लाख पौंडांहून अधिक किंमत आली. त्यात घोडे आहेत. डब्लिनला गेलात तर नॅशनल गॅलरीत त्याची तैलचित्रं पाहाच, पण रेषेतला येट्स हवा असेल तर जुन्या पुस्तकांच्या दुकानात मुलांच्या फळीपाशी खाली बसा आणि डेंटची प्रत आहे का, विचारा.