भावंडांची साक्ष

यकृताच्या जीर्ण दाहाचा अभ्यास करणाऱ्याला आपल्या उंदरांची वंशावळ एखाद्या कुळकर्ण्याने गावचे दफ्तर राखावे तितक्या चोखपणे राखावी लागते, हे या विद्येबाहेरच्या माणसाला सहसा पटत नाही. जनुक काढून टाकले की काम संपले, अशी त्याची समजूत असते. वस्तुतः खरी मेहनत तेथून पुढची.

१९९३ साली अ‍ॅमस्टरडॅमच्या संशोधकांनी ज्यांच्यातील एमडीआर-२ हे जनुक निकामी केल्याचे जाहीर केले, त्या उंदरांशीच माझा मुख्यत्वे संबंध आला. या जनुकाचे प्रथिन फॉस्फॅटिडिलकोलीन नावाचे स्निग्धद्रव्य यकृतपेशींतून पित्तात पोचवते आणि तेथे ते पित्तक्षारांना आपल्यात गुंतवून त्यांची दाहकता शमवते. ते न पोचल्यास, चरबी विरघळवणे हाच ज्यांचा स्वभाव, ते मोकळे क्षार ज्या वाहिन्यांतून वाहायचे त्यांचेच अस्तर कुरतडू लागतात, पित्त आसपासच्या ऊतींत झिरपते, दाहक पेशी गोळा होतात आणि वाहिनीभोवती तंतूंची वलये एकावर एक चढत जातात. पिक्रिक आम्लातील सिरियस रेडने रंगवलेला छेद सूक्ष्मदर्शकाखाली सरकवला, म्हणजे पिवळ्या पार्श्वभूमीवरची ती तांबडी वलये नवख्यालाही बोट ठेवून दाखवता येतात.

पण दिसणे निराळे आणि पुराव्यास उतरणे निराळे. त्याच आईच्या त्याच वेतातले, त्याच पिंजऱ्यात वाढलेले, परंतु जनुक शाबूत असलेले भावंड शेजारी असल्याखेरीज, आणि कानाच्या किंवा शेपटीच्या कपच्यातून डीएनए काढून कोणाच्या वाट्याला कोणता वारसा आला याची खातरजमा झाल्याखेरीज, मी कोणत्याही छेदाची जबानी नोंदवीत नाही. कारण हाच दोष एफव्हीबी वंशात ज्या त्वरेने गाठींपर्यंत जातो, त्या त्वरेने काळ्या सी-५७ वंशात जात नाही. शिवाय आतड्यातील जिवाणू पिंजऱ्यागणिक बदलतात, ते वेगळेच. बाहेरून विकत आणलेले निरोगी उंदीर तुलनेस लावण्याची सोयिस्कर प्रथा मला म्हणूनच नामंजूर आहे.

मनुष्यात या जनुकाचा जो जोडीदार आहे, तो दोन्ही वारशांत बिघडला तर लहान मुलांना यकृताचा गंभीर आजार होतो. तेथे हा उंदीर रोग्याचा खरा प्रतिनिधी ठरतो. परंतु त्याचा उपयोग बहुधा होतो तो प्रायमरी स्क्लेरोझिंग कोलँजायटिसच्या अभ्यासात, ज्याचे मूळ कारण अद्याप अज्ञात आहे आणि ज्याच्या बहुसंख्य रोग्यांना आतड्याचाही दाह असतो. उंदराच्या रोगाचे कारण आम्हीच मुक्रर केलेले, आणि रोग्याचे कोणालाच ठाऊक नाही, हा भेद विसरून चालत नाही. ऑस्ट्रियातील ग्राझ येथे नॉर-अर्सोडीऑक्सिकोलिक आम्लाने या उंदरांच्या वाहिन्या सुधारल्याचे २००६ मध्ये प्रसिद्ध झाले. पुढे रोग्यांवरील १२ आठवड्यांच्या चाचणीत रक्तातील अल्कलाइन फॉस्फेटेज उतरले, ही समाधानाची गोष्ट खरी, तथापि उंदरात जी वलये आम्ही छेद घेऊन पाहिली होती, त्यांचे माप त्या चाचणीने घेतलेले नव्हते.