वर्गणीवर जगलेला संघ

जपान पाहायचा म्हणजे जुनी मंदिरे, बागा आणि वेगवान बुलेट ट्रेन पाहायची, एवढीच आमची समजूत होती. ओसाकाला नोकरीस असलेल्या भाच्याने एका ऑगस्टमध्ये आम्हा उभयतांना बोलावून घेतले. त्याने आखलेला कार्यक्रम पाहून मी चक्रावलोच. आठ दिवसांतले दोन दिवस बेसबॉलसाठी! मी जरा नाराजीनेच म्हणालो, "अरे, एवढा खर्च करून आलो ते काय चेंडूफळी पाहायला?" तो हसून म्हणाला, "मामा, आधी बघा, मग रागवा."

हा खेळ जपानी लोकांना १८७२ च्या सुमारास होरेस विल्सन या अमेरिकन शिक्षकाने शिकवला. जपानी लोक त्याला 'याक्यू' म्हणतात. नऊ-नऊ खेळाडूंचे दोन संघ असतात आणि नऊ डाव होतात. गोल दांडक्याने चेंडू मारून चार थांबे पळत पुरे केले की एक धाव मिळते. क्रिकेट समजणाऱ्याला अर्ध्या तासात उमजेल असा हा खेळ आहे.

पहिल्या दिवशी ओसाका आणि कोबे यांच्या मधल्या कोशिएन मैदानावर गेलो. हे मैदान १९२४ साली बांधले. बाहेरच्या भिंतींवर हिरवा वेल चढलेला आहे. दर ऑगस्टला येथे देशभरातील हायस्कुलांची स्पर्धा भरते. ४७ प्रांतांतून ४९ संघ येतात आणि एकदा हरला तो संघ घरी जातो. १५ ऑगस्टला दुपारी १२ वाजता खेळ थांबवून युद्धात मेलेल्यांसाठी सारे मैदान स्तब्ध उभे राहते.

सामना संपला तेव्हा हरलेली मुले गुडघ्यांवर बसून मैदानातील काळी माती पिशव्यांत भरू लागली. डोळे पुसत होती आणि माती भरत होती. भाच्याने सांगितले, १९५८ साली ओकिनावा बेटावरील शाळेचा संघ येथे प्रथमच खेळला. तेव्हा ते बेट अमेरिकेच्या ताब्यात होते. बाहेरची माती आणायला मनाई असल्याने मुलांना ती बंदरातच समुद्रात टाकावी लागली. ही बातमी कळताच काही विमानसेविकांनी कोशिएनचे खडे गोळा करून त्या शाळेला पाठवले. माझी पत्नी म्हणाली, "माती अडवली, पण माया नाही अडवता आली."

दोन दिवसांनी हिरोशिमाला गेलो. ओसाकाहून बुलेट ट्रेनने साधारण दीड तास लागतो. स्टेशनवरून ट्राम पकडली. ६ ऑगस्ट १९४५ रोजी सकाळी सव्वाआठ वाजता या शहरावर अणुबॉम्ब पडला आणि तिसऱ्याच दिवशी ट्रामच्या मार्गाचा काही भाग लोकांनी पुन्हा सुरू केला होता! संग्रहालयात एका शाळकरी मुलाचा डबा ठेवला आहे. आतल्या अन्नाचा कोळसा झालेला. आपणही रोज पहाटे उठून मुलांचे डबे भरतो. पत्नी त्या काचेपुढून हलेना.

बाहेर आल्यावर भाचा म्हणाला, "संध्याकाळी सामना आहे." मी चिडलो. "हे पाहून कोणाला सामना गोड लागेल? मी येणार नाही."

तो काही बोलला नाही. बॉम्बमध्ये सांगाडा उरलेल्या घुमटाच्या इमारतीसमोरचा रस्ता ओलांडून त्याने आम्हाला एका मोकळ्या जागेत नेले. म्हणाला, "इथेच मैदान होते. १९५७ पासून २००८ पर्यंत या शहराचा 'कार्प' संघ इथे खेळायचा."

मग त्याने संघाची हकीकत सांगितली. बॉम्ब पडून पाच वर्षेही झाली नव्हती, तेव्हा हा संघ उभा राहिला. इतर संघांसारखी पाठीशी मोठी कंपनी नव्हती. १९५१ साली खेळाडूंना पगार द्यायलाही पैसे उरले नाहीत आणि संघ मोडीत निघण्याची वेळ आली. तेव्हा प्रशिक्षक शुइची इशिमोतो यांनी लोकांना हाक दिली. मैदानाच्या दाराशी मद्याची रिकामी लाकडी पिंपे ठेवली गेली. ज्यांची स्वतःची घरे अजून धड उभी नव्हती त्यांनी त्या पिंपांत नाणी टाकली. संघ वाचला. १९७५ साली त्याने आपल्या साखळीचे विजेतेपद प्रथमच मिळवले.

वर्गणी म्हणजे काय, हे मला कोणी समजावून सांगायला नको. चाळीत पावतीपुस्तक घेऊन फिरताना कोणाचे दहा रुपये कोणत्या खर्चातून वाचवून आलेले असतात, हे मी पाहिले आहे. मी एवढेच म्हणालो, "चल, सामन्याला उशीर होईल."

२००९ साली उघडलेले नवे मैदान स्टेशनपासून पायी दहा मिनिटांवर आहे. सारे मैदान लाल सदऱ्यांनी भरले होते. कर्णे वाजत होते. कार्पचे लोक ओरडताना आळीपाळीने उभे राहतात आणि बसतात. शेजारच्या एका वृद्ध बाईने पत्नीचा हात धरून तिला कधी उठायचे, कधी बसायचे ते शिकवले. एकीला दुसरीची भाषा येत नव्हती, तरी दोघी सामना संपेपर्यंत हसत होत्या. त्या दिवशी कार्प हरला. तरी लोकांनी आपापला कचरा गोळा केला आणि शांतपणे घरी निघाले.

आपली मुले आता कामानिमित्त दूरदेशी जाऊ लागली आहेत. कोणाचे जाणे हिरोशिमाला झालेच तर सकाळी संग्रहालय पाहावे आणि संध्याकाळी सामना. दोन्ही एकाच दिवशी पाहावे. नुसता तो डबा पाहून परत फिरलो असतो, तर हे शहर कसे मेले एवढेच मला कळले असते.