कर्नल शॉ

अमेरिकेंतील यादवी युद्धाच्या (१८६१–६५) वीरांपैकीं कर्नल रॉबर्ट गूल्ड शॉ हा आम्हांस विशेष जवळचा वाटतो, व त्याचें कारण थोडें चमत्कारिक आहे. ज्या कामगिरीमुळें त्याचें नांव राहिलें ती त्यानें प्रथम नाकारली होती.

बोस्टनच्या एका धनाढ्य घराण्यांत १८३७ सालीं त्याचा जन्म झाला. आईबाप गुलामगिरीचे कट्टे विरोधक. मुलगा मात्र खुशालचेंडू. हार्वर्डमध्यें तीन वर्षें काढून पदवी न घेतांच तो बाहेर पडला. असलीं मुलें आम्हीं वर्गांत पुष्कळ पाहिलीं आहेत. त्यांच्याविषयीं गुरुजनांनीं केलेलीं भाकितें सहसा खरीं ठरत नाहींत. युद्धाचें शिंग वाजतांच तो सैन्यांत शिरला.

१८६३ च्या फेब्रुवारींत मॅसॅच्युसेट्सच्या गव्हर्नरांनीं कृष्णवर्णी शिपायांच्या ५४ व्या पलटणीचें आधिपत्य त्याला देऊं केलें. तें पत्र घेऊन खुद्द वडील छावणींत गेले. शॉनें नाहीं म्हटलें. जुने सोबती सोडवत नव्हते, आणि नव्या कामास आपण पुरे पडूं असा भरंवसाही वाटत नव्हता. मग लवकरच त्यानें होकाराची तार पाठविली. हा नकार चरित्रकारांनीं झांकून ठेवूं नये असें आम्हांस वाटतें. संकोच न वाटणारा पुरुष वीर असेल, पण तो आपल्यापैकीं नव्हे.

२ मे रोजीं त्याचें लग्न झालें. २८ मे रोजीं तो पलटणीसह बोस्टनहून निघाला. दक्षिणेंत पोहोंचल्यावर वेतनाचा प्रश्न उपस्थित झाला. शिपायांना गोऱ्यांप्रमाणें दरमहा १३ डॉलरांचें वचन होतें. देऊं केले १०, आणि त्यांतूनही ३ कपड्यांसाठीं वजा! पलटणीनें तें वेतन घेतलें नाहीं. एक तर पुरें वेतन द्या, नाहीं तर यांना सेवामुक्त करा, असें शॉनें गव्हर्नरांस लिहिलें.

१८ जुलैच्या संध्याकाळीं चार्ल्स्टन बंदराच्या तोंडाशीं असलेल्या फोर्ट वॅग्नरवर हल्ला झाला. वाळूच्या अरुंद पट्टीवरून सुमारें ६०० शिपाई धांवले. शॉ पुढें होता. तटाच्या माथ्यावर तो पोहोंचला आणि तेथेंच पडला. वय अवघें २५ वर्षें. पलटणीचे २७० च्या आसपास लोक मेले, जखमी झाले वा बेपत्ता झाले. किल्ला त्या दिवशीं हातीं आला नाहीं.

शत्रूनें शॉला त्याच्या शिपायांबरोबर एकाच खंदकांत पुरलें. त्यांत अपमानाचा हेतु होता हें उत्तरेंत सर्वांस कळलें. पुढें प्रेत शोधण्याची गोष्ट निघाली, तेव्हां वडिलांनीं सेनापतीस लिहिलें कीं, तें आहे तेथेंच राहूं द्यावें. ज्या घरांत दूर देशीं गेलेल्या मुलाच्या अस्थींची वाट पाहिली गेली आहे, त्या घराला या पत्राचें मोल सांगावयास नको.

१८९७ सालीं बोस्टन येथें सेंट-गॉडन्सनें घडविलेलें स्मारक उभें राहिलें. घोड्यावर शॉ, शेजारून चालणारे शिपाई. प्रत्येकाचा चेहरा निराळा, हुबेहूब माणसाचा. मागच्या बाजूस पडलेल्या गोऱ्या अधिकाऱ्यांचीं नांवें पहिल्यापासून होतीं. शिपायांचीं नांवें कोरण्यास १९८२ साल उजाडलें.