आडनावाचे क्रियापद

चि. मृणाल हिस,


तुझे पत्र पावले. गॉलवेहून उत्तरेस जाताना बॅलिनरोब हे गाव लागले आणि ‘बॉयकॉट’ या क्रियापदाचा जन्म येथलाच असे सोबतच्या मंडळींनी सांगितले, तेव्हा त्यामागची हकीकत सविस्तर कळवावी अशी तुझी इच्छा दिसते.

चार्ल्स कनिंगहॅम बॉयकॉट हा मूळचा इंग्लंडातील नॉरफकचा, काही काळ फौजेत राहिलेला गृहस्थ. मेयो परगण्यातील लॉर्ड अर्न या जमीनदाराच्या मिळकतीचा तो मुखत्यार असून, कुळांकडून खंड वसूल करावा आणि न देणारास बेदखल करावे, हे त्याचे काम होते. दुष्काळी हंगामांनी हवालदिल झालेल्या कुळांनी १८८० साली खंडात २५ टक्के सूट मागितली. जमीनदार १० टक्क्यांपलीकडे जाईना. त्याच वर्षी १९ सप्टेंबरला एनिस येथील सभेत, बेदखल शेतकऱ्याची जमीन जो घेईल त्याचे काय करावे असे आयरिश कुळांचा पुढारी पार्नेल याने विचारताच ‘गोळी घाला’ अशी आरोळी उठली. तेव्हा त्याने त्याहून परिणामकारक मार्ग सुचविला तो असा, की त्या माणसाशी रस्त्यात, दुकानात, बाजारात, फार काय प्रार्थनामंदिरातही कोणी संबंध ठेवू नये.

तीनच दिवसांनी बॉयकॉटच्या कुळांवर नोटिसा बजावण्यास बेलिफ निघाला. काही बजावून होताच बायकांनी शेणचिखलाचा असा मारा केला, की पोलिसांच्या बंदोबस्तातही त्याला पळ काढावा लागला. पाठोपाठ गडीमाणसे काम सोडून गेली, लोहार नाल ठोकीना, परटीण कपडे नेईना, दुकानदार जिन्नस देईना, आणि पीक शेतात उभे राहिले. अखेर कॅव्हन व मोनहन परगण्यांतून ५० मजूर आणि त्यांच्या रक्षणास सुमारे हजार सैनिक आणून ते काढण्यात आले. सुमारे ५०० पौंडांच्या पिकापायी १०,००० पौंडांवर खर्च झाल्याचा अंदाज आहे. बॉयकॉट तेथून निघाला, तेव्हा त्याची गाडी हाकण्यास एकही स्थानिक माणूस मिळाला नाही.

त्या लढ्यात कुळांच्या पाठीशी उभे असलेले धर्मगुरू फादर जॉन ओमॅली आणि अमेरिकन पत्रकार जेम्स रेडपाथ एकदा जेवायला बसले असता, या नव्या शस्त्राला नाव काय द्यावे, या चिंतेने रेडपाथचे जेवणात लक्ष लागेना. ‘ऑस्ट्रसाइझ’ हा पंडिती शब्द शेतकऱ्यांस कळणार नाही, असे त्याने म्हणताच फादरांनी क्षणभर कपाळावर बोटे टेकली आणि त्या मुखत्याराचे आडनावच क्रियापद म्हणून सुचविले. हा प्रसंग रेडपाथनेच लिहून ठेवला आहे. नोव्हेंबर संपण्यापूर्वी शब्द लंडनच्या ‘टाइम्स’मध्ये पोहोचला, आणि पाहता पाहता फ्रेंच, जर्मन, रशियन भाषांनीही तो आपलासा केला. त्याचे कर्म प्रथम माणूस असे. पुढे माल, दुकान, सभा, निवडणूक असे काहीही चालू लागले.

७ ऑगस्ट १९०५ रोजी कलकत्त्याच्या सभेत विलायती मालावरील बहिष्काराचा ठराव झाला आणि टिळकांनी बहिष्काराला आपल्या चतुःसूत्रीत स्थान दिले, हे तू शाळेत शिकलीस. परंतु त्याच कृतीची दुसरी बाजू मला अधिक अस्वस्थ करते. मेयोत ज्यांच्या हाती जमीन नव्हती त्यांनी जमीनवाल्याच्या हस्तकाला एकटे पाडले. आपल्या खेड्यांत मात्र ज्यांच्या हाती जमीन, दुकान आणि पाणवठा, तेच हक्क मागणाऱ्या अस्पृश्यांची मजुरी, वाणसामान आणि वाट बंद करीत आले. १९२७ साली आपल्या पत्राला ‘बहिष्कृत भारत’ हे नाव देणाऱ्या डॉ. आंबेडकरांनी गोलमेज परिषदेपुढे ठेवलेल्या मागण्यांत असा सामाजिक बहिष्कार फौजदारी गुन्हा ठरवावा, अशी मागणी घातली आणि तिच्या कलमांसाठी ब्रह्मदेशातील १९२२च्या बहिष्कारविरोधी कायद्याचा आधार घेतला. पार्नेलच्या मार्गाबद्दल मला मनापासून आदर आहे, आणि तरीही ही मागणी सर्वस्वी न्याय्य होती असे मी मानतो. कारण दुर्बळाने सहकार्य नाकारणे आणि बलवंताने दुर्बळाचे अन्न तोडणे यांना एका नावाखाली आणले, तर पहिल्याचे तेज जाते आणि दुसऱ्याचे पाप झाकले जाते.

तुझ्या आयरिश मैत्रिणींना बॅलिनरोबची कथा माझ्याहून अधिक ठाऊक असेल. उत्तरार्ध मात्र तू त्यांना अवश्य सांग, आणि त्या काय म्हणतात ते मला कळव. प्रकृतीस जप. घरी सर्व क्षेम आहे.

तुझा
काका