लेकीची नोकरी नेमकी कसली?

आमची लेक विद्यापीठाच्या ग्रंथालयात आहे, एवढे आम्ही दोघे नवरा-बायको बेलापुरात सर्वांना सांगत असू. पुढचा प्रश्न आला की बोलती बंद. ‘पुस्तके देते का?’ नाही. ‘मग साहेब आहे का?’ तेही नाही. अकरा महिन्यांच्या ऑर्डरवर आहे, हे तर आम्ही सांगतच नसू.

गेल्या बुद्ध पौर्णिमेला ती घरी आली होती. विहारात वंदना झाली, खीर वाटप चालू होते, तेवढ्यात तिचा फोन वाजला. ग्रंथालयाचा मुख्य संगणक बंद पडला होता. पोरगी विहाराच्या ओट्यावर लॅपटॉप घेऊन रात्री अकरापर्यंत बसली. आम्ही चिडून म्हटले, “पगार वाढवायला सवड नाही, आणि सणाच्या दिवशी बरा फोन करतात!”

“आई, उद्या परीक्षेची पोरं रांगेत उभी राहतील. त्यांनी काय केलंय?”

मग तिने सांगितले, ती जो प्रोग्रॅम सांभाळते त्याचे नाव ‘कोहा’. न्यूझीलंडमधील होरोव्हेनुआ भागातल्या ग्रंथालयांचा जुना प्रोग्रॅम २००० साल लागताच अडणार होता. म्हणून १९९९ मध्ये कटिपो नावाच्या कंपनीने त्यांना नवा लिहून दिला. जानेवारी २००० मध्ये तो चालू झाला आणि सर्व जगाला मोकळा केला गेला. कोणीही घ्यावा, आत काय लिहिले आहे ते वाचावे, बदलावा, दुसऱ्याला द्यावा. लायसनचे पैसे नाहीत. कोहा हा तिथल्या माओरी लोकांचा शब्द, अर्थ भेट. पण घेणाऱ्यानेही कधीतरी द्यावे, अशी त्यांची रीत. आम्हाला आपली दानपारमिता आठवली. लेक हसली. “प्रोग्रॅम फुकट मिळतो आई, पण सांभाळायला माणूस लागतो.”

त्या माणसाचे काम कोणाला दिसत नाही. रोज सर्व नोंदींची प्रत काढून वेगळी ठेवायची. नवी आवृत्ती आली की आधी दुसऱ्या संगणकावर चालवून बघायची. जुन्या फॉन्टमधल्या मराठी नोंदी युनिकोडमध्ये आणायच्या, नाहीतर शोधल्या तरी सापडत नाहीत. एकदा तिला दिसले की बाबासाहेबांचे नाव कोणी ‘आंबेडकर’, कोणी ‘आम्बेडकर’, तर कोणी रोमन लिपीत चढवले आहे. विद्यार्थ्याने एका नावाने शोधले की बाकीची पुस्तके दडलेली. ज्यांनी ग्रंथांसाठी दादरला राजगृह बांधले, त्यांचीच पुस्तके ग्रंथालयात असून नसल्यासारखी! कोणी सांगितले नव्हते, तरी आठवडाभर बसून तिने ती सगळी एका नावाखाली आणली.

आपल्या जवळ राहुरीला महात्मा फुले कृषी विद्यापीठ आहे. तिथले प्रबंध ‘कृषिकोश’वर घरबसल्या वाचता येतात. तेही डीस्पेस नावाच्या अशाच मोकळ्या प्रोग्रॅमवर चालते. तो अमेरिकेतील एमआयटी आणि ह्युलेट-पॅकार्ड यांनी २००२ मध्ये खुला केला. ज्या उसात, कांद्यात आमचे हात राबले, त्यावर शिकलेल्यांनी काय लिहिले ते आता मजुराचे पोरही मोबाईलवर वाचू शकते. बाबासाहेबांनी ज्यांना गुरू मानले त्या जोतीरावांच्या नावाच्या विद्यापीठाचे हे धन आहे, म्हणून आम्हाला त्याचे विशेष वाटते.

राग एकाच गोष्टीचा येतो. लेक जिथे आहे तिथे लायसनचा खर्च वाचला, पण त्यातून एक कायम जागा काही निघाली नाही. आणि कंत्राट आले की बिंदुनामावली कोण विचारतो? आपल्या समाजाच्या संघटनांनी इकडेही लक्ष घालावे.

जाण्यापूर्वी तिने एका जुन्या लॅपटॉपवर विहाराच्या कपाटातल्या पुस्तकांसाठी कोहा बसवून दिला. वस्तीतल्या दहावीच्या दोन मुली रविवारी नोंदी चढवतात, अडल्या की ताईला फोन लावतात. आम्ही शेजारी बसून पुस्तकांवरची धूळ पुसतो आणि नावे वाचून दाखवतो.

तिच्या ऑर्डरची मुदत या महिनाअखेर संपते. काल फोनवर विचारले, नवी आली का? म्हणाली, अजून नाही. पण विहाराच्या पुस्तकांची प्रत काढून ठेवायला त्या मुलींना सांगा.